बंदुकीची दुरुस्ती आणि सूक्ष्म लोहकाम

कंधारच्या किंवा उदगीरच्या किल्ल्यावर सहलीस जाऊन तोफेजवळ उभें राहून छायाचित्र काढून घेतलें नाहीं, असा विद्यार्थी विरळा. परंतु त्या तोफेच्या तोंडाशीं वांकून, तिची नळी आंतून किती सरळ आहे, तिची भिंत सर्व बाजूंनीं सारख्या जाडीची आहे कीं नाहीं, हें पाहणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. शस्त्रांचा इतिहास आपण लढायांच्या आणि सेनापतींच्या नांवांनीं शिकतों. ज्या कारागिरांच्या हातांवर त्या लढायांची भिस्त होती, त्यांच्या विद्येकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या विद्येचा, म्हणजे बंदुका व तत्सम बारीक यंत्रें नीट राखण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या विद्येचा, आम्ही विचार करणार आहों. हें काम कोठें शिकावयास मिळतें, असें दहावीच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं उत्साहानें विचारलें. तेंच कांहीं पालकांनीं निराळ्या स्वरांत, किंचित् काळजीनें विचारलें. दोघांसहि एकाच वेळीं उत्तर देणें सोयीचें वाटलें.

आरंभीं आपल्याच प्रांताकडे पाहूं. विजापूरच्या बुरुजावरील मुलूखमैदान तोफेचें चित्र बहुतेकांनीं पाहिलें असेल. पण ती तोफ मूळची विजापूरची नव्हे. इ. स. १५४९ मध्यें अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, निजामशाहीच्या चाकरींतील महंमद नांवाच्या एका रूमी, अर्थात् तुर्की मुलखांतून आलेल्या, कारागिरानें ती ओतली. पुढें ती आपल्या मराठवाड्यांतील परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्यें तेथून विजापुरास गेली. तिचें वजन सुमारें ५५ टन आहे. एवढा धातु वितळवून सांच्यांत सोडणें, आणि तो थंड होत असतांना त्यास तडा जाऊं न देणें, हें ज्यास साधलें त्याच्या अंगीं केवढी विद्या असेल! नळदुर्गच्या उपळी बुरुजावरील हत्ती व मगर या तोफाहि ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस आमच्या म्हणण्याचा अर्थ अधिक कळेल. हैदराबादेंत १७८६ सालीं रेमाँ नामक फ्रेंच सेनानीनें निजामासाठीं तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. त्या पेठेस अद्यापि गनफाउंड्री असेंच म्हणतात. मुखेड तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांतच मोडत होतें. तेव्हां ही विद्या आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं.

तोफा ओतणारा मोठा कारागीर दरबारीं असे. परंतु गांवोगांव शस्त्रें नीट ठेवणारा कारागीर निराळा होता. त्याचें नांव शिकलगार. घांसून चकाकी आणणें, धार लावणें या अर्थाच्या अरबी शब्दावरून हें नांव आलें आहे. नांदेडच्या बाजूस शिकलगार शीख समाजाचीं घरें आहेत, आणि तेथील सचखंड हुजूर साहिबांत जुनीं शस्त्रें किती आदरानें जपलीं जातात हें आपण जाणतोंच. पुढें तलवारीचें दिवस सरले. १८७८ च्या कायद्यानें ब्रिटिश मुलखांत विनापरवाना शस्त्र बाळगणें बंद झालें. ज्या हातांनीं पात्यांस पाणी दिलें, त्याच हातांना तवे, विळे आणि कुलपांच्या किल्ल्या करण्याची पाळी आली. कोणी यास अधोगति म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. चोराला उघडतां येऊं नये आणि मालकाला मात्र सहज उघडावें, असें कुलूप बसविणें हें कांहीं हलकें काम नव्हे. तथापि विद्येचा धागा तेथें तुटला, हें खरें. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या धंदा बसला कीं बसते. ती शाळेंत शिकविली जात असेल तरच टिकते.

आतां एक गोष्ट सांगतों, ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. जेम्स वॅट यानें वाफेच्या यंत्रांत सुधारणा केली हें प्रत्येक पाठ्यपुस्तकांत असतें. परंतु वॅटचें यंत्र कित्येक वर्षें नीट चालेना, कारण त्याचा सिलिंडर आंतून खरा गोल कोणास करतां येईना. दट्ट्या आणि भिंत यांच्या फटींतून वाफ निसटून जाई. इंग्लंडांतील जॉन विल्किन्सन यानें १७७४ मध्यें तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचें यंत्र सिद्ध केलें होतें. त्याच धर्तीवर त्यानें वॅटसाठीं सिलिंडर कोरून दिले, आणि मग वाफेचें यंत्र कामास लागलें. म्हणजे संहारासाठीं शोधलेल्या अचूकपणानें खाणींतील पाणी उपसलें आणि गिरण्या चालविल्या. आज आपल्या विहिरीवर जो पंप चालतो त्याच्या वंशावळींत एक तोफ आहे.

बंदुकीनें जगास दुसरीहि एक देणगी दिली. पूर्वी प्रत्येक बंदूक एकेका कारागिरानें घडवावी, आणि तिचा स्क्रू तिच्यापुरताच असावा. आपल्या घरच्या जात्याचा खुंटा शेजारच्या जात्यास बसत नाहीं, तसाच हा प्रकार. रणांगणावर एक भाग मोडला म्हणजे सबंध बंदूक निकामी होई. फ्रान्समध्यें ओनोरे ब्लांक नांवाच्या कारागिरानें १७८० नंतरच्या दशकांत असे भाग केले कीं, ढिगांतून कोणतेहि उचलावे आणि त्यांचें बंदुकीचें कुलूप जुळवावें. अमेरिकेचे फ्रान्समधील वकील जेफर्सन यांनीं १७८५ मध्यें हें स्वतः पाहिलें, आणि पुढें अमेरिकेंतील शस्त्रागारांनीं ती पद्धति पूर्णत्वास नेली. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्यें स्क्रूच्या आट्यांचें एकच माप ठरविण्याची सूचना मांडली. आज मुखेडच्या बाजारांत ट्रॅक्टरचा एखादा बोल्ट मागितला तर तो मोजमाप न करतां बसतो, याचें श्रेय या मंडळींकडे जातें. शिवणयंत्र, सायकल, घड्याळ यांचे कारखाने याच वाटेनें पुढें आले.

आतां प्रत्यक्ष बंदुकीकडे वळूं. तिचे स्थूल मानानें तीन भाग: नळी, कुलूप आणि दस्ता. दस्ता लाकडाचा, त्यासाठीं अक्रोडाचें लाकूड उत्तम मानतात, कारण तें धक्का सोसतें आणि हवेनें फारसें वांकडें होत नाहीं. नळीचें माप सांगण्याची रीत मोठी मौजेची आहे. आपल्याकडे पिकाच्या राखणीसाठीं परवाना घेतलेल्या शेतकऱ्याकडे 'बारा बोर' बंदूक असते. हा बारा आंकडा इंचांचा नव्हे कीं मिलिमीटरांचाहि नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती बारा बोर नळी. म्हणून सोळा बोरची नळी बारा बोरपेक्षां लहान असते, मोठी नव्हे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं पडताळून पाहावें: एक पौंड म्हणजे ४५३·६ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ३७·८ ग्रॅम, शिशाची घनता दर घन सेंटिमीटरास ११·३४ ग्रॅम, तेव्हां गोळीचें घनफळ ३·३३ घन सेंटिमीटर, आणि गोलाच्या सूत्रावरून व्यास येतो सुमारें १८·५ मिलिमीटर. प्रत्यक्ष मापहि तेंच आहे. पोलिसांच्या हातीं दीर्घकाळ दिसणारी 'थ्री-नॉट-थ्री' रायफल मात्र इंचांच्या हिशेबानें ओळखली जाते: ०·३०३ इंच, म्हणजे सुमारें ७·७ मिलिमीटर.

बंदूक आणि रायफल यांत भेद कोणता? बारा बोरची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळींत मळसूत्रासारखे चर कोरलेले असतात. त्यांतून जातांना गोळी स्वतःभोंवतीं गरगर फिरूं लागते. फिरणारा भोंवरा जसा आपल्या आरीवर ताठ उभा राहतो, तशी फिरणारी गोळी आपली दिशा धरून ठेवते. हे चर मिलिमीटरच्या दशांशापेक्षां फारसे खोल नसतात. तरीहि सबंध अचूकपणा त्यांवर अवलंबून असतो. आंत गंज चढला किंवा साफ करणाऱ्यानें ओबडधोबड सळई घासली, म्हणजे तो गेलाच. म्हणून शस्त्रदुरुस्ती करणाराचा पहिला शत्रु मोडतोड नसून गंज आहे, आणि त्याचें बरेंचसें आयुष्य तेल, चिंधी व ब्रश यांच्या संगतींत जातें. ज्यांस या धंद्यांत केवळ गोळ्यांचे आवाज ऐकूं येतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

सर्वांत नाजूक भाग कुलूप. घोडा मागें ओढला कीं तो एका लहानशा खांचेंत अडकतो, आणि चाप ओढीपर्यंत तेथेंच थांबतो. ज्या दोन कडांनीं हें अडकणें घडतें त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. त्या झिजून गोलसर झाल्या, किंवा एखाद्या अडाण्यानें 'चाप हलका करून देतों' म्हणून त्या घासल्या, म्हणजे बंदूक नुसती खालीं टेकवितांच, भिंतीवरून घसरून पडतांच, किंवा बैलगाडीच्या धक्क्यानें सुटते. मग समोर कोण उभें आहे हें ती पाहत नाहीं. घड्याळ दुरुस्त करणारानें हयगय केली तर फार तर गाडी चुकते. येथें हयगयीची किंमत एक घर मोजतें. म्हणूनच युरोपांत नव्या नळीची सरकारमान्य कसोटी घेण्याची रीत शेंकडों वर्षांची आहे. नेहमीपेक्षां अधिक दाबाचें काडतूस उडवून नळी टिकते कीं नाहीं हें पाहतात, आणि मगच तिच्यावर ठसा उमटतो. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास सनद मिळाली ती १६३७ मध्यें. बर्मिंगहॅमचें कसोटीगृह १८१३ चें.

येथेंच पालकांच्या काळजीस उत्तर दिलें पाहिजे. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणें बंदूक बनविणें, विकणें इतकेंच नव्हे, तर तिची दुरुस्ती करणें आणि चांचणी घेणें यांसहि परवाना लागतो. हें कलम मोडणारास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षें कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढूं शकते. आम्ही हें मुद्दाम ठळकपणें लिहीत आहों. हल्लीं हातांतल्या फोनवर कशाचीहि चित्रफीत पाहावयास मिळते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास वाटतें कीं, हें तर आपणहि करूं. लेथवर काम करणाऱ्या एखाद्या हुशार पोरास चार पैशांचें आमिष दाखवून गावठी कट्ट्याच्या कामीं जुंपणारे लोक वर्तमानपत्रांत वेळोवेळीं झळकतात. आणि पकडला जातो तो बहुधा तो पोरगाच. त्या गावठी हत्याराची कसोटी कोणीहि घेतलेली नसते. तें कधीं शत्रूच्या दिशेनें फुटतें, कधीं धरणाराच्या हातांत. घरीं वडिलांची परवान्याची बंदूक असली तरी मुलानें ती उघडूं नये. बिघडली तर ती परवानाधारक दुकानींच न्यावी. या बाबतींत आमचें मत कठोर आहे आणि तें तसेंच राहील.

मग शिकावयाचें कोठें? परदेशांत या कामाच्या स्वतंत्र शाळा आहेत. ऑस्ट्रियांतील फेर्लाख या गांवीं १८७८ पासून बंदूककारांची शाळा चालूं आहे. बेल्जममधील लिएज शहरीं १८९७ मध्यें अशी शाळा निघाली. अमेरिकेच्या कोलोराडो संस्थानांत ट्रिनिडाड येथील महाविद्यालयानें १९४७ मध्यें हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हां दुसऱ्या महायुद्धांतून परतलेले अनेक सैनिक धंद्याच्या शोधांत होते. तेथील विद्यार्थीहि पहिल्या दिवशीं बंदूक हातीं घेत नाहींत. लोखंड आणि कानस हातीं घेतात. आपल्याकडे मुखेडच्या मुलानें अशी शाळा शोधीत हिंडण्यांत अर्थ नाहीं. त्याची वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून, म्हणजे ज्यास सर्वजण आयटीआय म्हणतात तेथून जाते. स्वतंत्र भारतांत कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्यें सुरू झाली, तेव्हां अशा संस्था सबंध देशांत सुमारें ५० होत्या. आज तालुक्याच्या गांवींहि ती असते. मुखेडांतहि शासकीय संस्था आहे. जोडारी म्हणजे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन दोन वर्षांचे व्यवसाय आपल्या विषयास जवळचे. प्रत्येक ठिकाणीं प्रत्येक व्यवसाय असतोच असें नाहीं. म्हणून नांदेड व लातूर येथेंहि चौकशी करावी.

त्या शाळेंत काय शिकवितात हें आतां जरा सविस्तर सांगूं, कारण आमच्या मतें सगळी गोडी येथेंच आहे. पहिले कित्येक आठवडे विद्यार्थ्याच्या हातीं एक लोखंडाचा तुकडा आणि एक कानस असते. तो तुकडा सपाट आणि काटकोनांत घासावयाचा, एवढेंच काम. नवशिक्यास वाटतें, यांत शिकण्यासारखें काय? दुसऱ्या दिवशीं तळहातास फोड येतात, आणि तुकड्याकडे पाहावें तर तो मध्यें फुगलेला. कारण उघड आहे: कानस पुढें जातांना आरंभीं डाव्या हाताचा भार अधिक आणि शेवटीं उजव्या हाताचा अधिक असावा लागतो; तो नकळत पालटत न्यावा लागतो; नाहीं तर कानस तराजूच्या दांडीसारखी झोके खाते आणि दोन्ही कडा खाऊन टाकते. कानसेचे दांत पुढच्या दिशेनें कापतात, म्हणून परत आणतांना दाब सोडावा लागतो. घासलेल्या पृष्ठास बोट लावूं नये, कारण बोटाच्या तेलकटपणानें कानस तेथें घसरते. दांतांत लोखंडाचे कण अडकून ओरखडे उठूं नयेत म्हणून कानसेवर खडू घासतात. शाळेचा खडू असाहि उपयोगी पडतो, हें आमच्या वर्गांतील कांहीं खडूफेक्यांनीं लक्षांत घ्यावें!

तुकडा सपाट झाला हें कसें ओळखावें? डोळ्यावर विश्वास ठेवून चालत नाहीं. अत्यंत सपाट केलेल्या ओतीव लोखंडाच्या पाटावर निळ्या रंगाचा पातळ लेप देतात, आणि तुकडा त्यावर हलकेच फिरवितात. जेथें उंचवटा असेल तेथेंच निळें ठिपके उमटतात. ते ठिपके घासावे, पुन्हां लेप, पुन्हां ठिपके. आरंभीं दोन-तीनच ठिपके दिसतात. काम साधत गेलें म्हणजे ते सर्व पृष्ठभर नक्षत्रांसारखे पसरतात. प्रथम अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. पुढें तो मिलिमीटरच्या कांहीं शतांशांवर येतो. मग एका तुकड्यांतील चौकोनी भोंकांत दुसरा तुकडा असा बसवावयाचा कीं, तो चारी बाजूंनीं उलटसुलट फिरवूनहि बसावा आणि उजेडाकडे धरला असतां फटींतून प्रकाश दिसूं नये. ज्यानें हें एकदां केलें त्यास कोणतेंहि बारीक यंत्र उघडण्याची योग्यता येऊं लागली, असें समजण्यास हरकत नाहीं.

मोजण्याची विद्याहि याच्याच जोडीची. व्हर्निअर कॅलिपरवर ४९ मिलिमीटर लांबीचे ५० भाग केलेले असतात; म्हणून मुख्य पट्टीच्या एका भागांत आणि त्या भागांत ०·०२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तितकें सूक्ष्म माप वाचतां येतें. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यांत अर्धा मिलिमीटर सरकतो, त्याच्या टोपीवर ५० खुणा असतात. तेव्हां एक खूण म्हणजे ०·०१ मिलिमीटर. माणसाचा केस याच्या पांच ते दहा पट जाड असतो. एवढ्या सूक्ष्म मापांत उष्णताहि लुडबूड करते. जगांत सर्वत्र मापें २० अंश सेल्सिअस उष्णतेस खरीं धरतात. मुखेडच्या वैशाखांत कारखान्यांत ४० अंश असले तर १०० मिलिमीटरची पोलादी कांडी सुमारें ०·०२४ मिलिमीटरनें वाढते, म्हणजे मायक्रोमीटरच्या दोन खुणांहून अधिक. हातांत धरून ठेवलेली कांडीहि वाढते. म्हणून शिक्षक म्हणतात, वस्तु खालीं ठेवा, तिला थंड होऊं द्या, मग मोजा. भौतिकशास्त्राच्या तासाला प्रसरणाचा गुणांक पाठ करतांना जांभई देणारांस हें एकदां प्रत्यक्ष पाहावयास मिळालें तर बरें होईल.

आणि भट्टी! पोलाद लाल करून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें म्हणजे तें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. मग तें घासून चकचकीत करून पुन्हां हलकेंच तापवितात. पृष्ठावर रंग चढूं लागतात: सुमारें २२०-२३० अंशांस वाळलेल्या गवताचा फिका पिंवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, आणि ३०० च्या सुमारास गर्द निळा. कापणाऱ्या हत्यारास पिंवळ्यावरच थांबवावें, स्प्रिंगेस निळ्यापर्यंत जाऊं द्यावें. क्षणभर उशीर झाला तर स्प्रिंग मऊ पडते आणि वांकली ती वांकलीच; क्षणभर घाई झाली तर ती पहिल्याच ताणाला मोडते. आज विजेच्या भट्ट्यांवर अंशांचे आंकडे दिसतात, तरीहि रंग ओळखणारा डोळा कारागिरास कामाचा वाटतो. आपल्या गांवचा जुना लोहार विळ्यास पाणी देतांना हेंच करीत आला. त्यानें अंश मोजले नाहींत, एवढेंच.

मिशनऱ्यांच्या शाळांनीं या हस्तविद्येस पुस्तकी विद्येच्या शेजारीं बसविलें, याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशननें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्योगशाळा चालविली. तिला सर दिनशा पेटिट यांचें नांव होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें चर्चिल नांवाचे अमेरिकन यंत्रज्ञ आले, आणि त्यांनीं हातमागांत अशी सुधारणा केली कीं, विणकराचें काम पुष्कळ वेगानें होऊं लागलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचेंहि चरित्र पाहावें. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असलेल्या या गृहस्थानें बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. सायकली विकतां विकतां आणि दुरुस्त करतां करतां हात यंत्रांत गेला. १९०३ मध्यें लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. दुरुस्ती करणारा मनुष्य दुसऱ्याच्या यंत्राचे दोष रोज पाहतो. त्यामुळें निर्दोष यंत्र कसें असावें हें त्यास इतरांपेक्षां आधीं सुचतें, असें आमचें निरीक्षण आहे.

आयटीआयचें प्रमाणपत्र हातीं आल्यावर शस्त्रांच्या कामाकडे जाणाऱ्या वाटा तीन. पहिली आयुध निर्माणींची. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा आहे. अंबरनाथ, वरणगांव, भुसावळ, भंडारा, चंद्रपूर, देहू रोड येथेंहि निर्माणी आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून या सर्व सात सरकारी कंपन्यांत वांटल्या गेल्या. महाराष्ट्रांत मुख्यतः दारूगोळा, सुटे भाग आणि यंत्रें होतात. रायफली बंगालमधील ईशापूर, कानपूर व तिरुचिरापल्ली येथें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखालीं अशा ठिकाणीं विद्यावेतनासह उमेदवारी करतां येते. दुसरी वाट सैन्याची: शस्त्रें व वाहनें यांची निगा राखणारें ईएमई हें दल १९४३ मध्यें उभें राहिलें, त्याचें मोठें शिक्षणकेंद्र सिकंदराबादेस आहे, आणि तें आपणांस पुण्याहून जवळ. बंदुकांची निगा राखणाऱ्या जवानास तेथें आर्मरर म्हणतात. पोलिस दलांतहि हें पद असतें. तिसरी वाट म्हणजे परवानाधारक दुकानदाराच्या हाताखालीं राहून काम शिकण्याची. ती अरुंद आहे, आणि तिच्यावर अवलंबून राहण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं.

या क्षेत्रांत नवीन कांहीं घडत नाहीं, असेंहि नाहीं. २०२१ च्या जानेवारींत 'अस्मि' नांवाचें ९ मिलिमीटरचें छोटें स्वयंचलित पिस्तूल जाहीर झालें. महू येथील इन्फन्ट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनीं पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेच्या सहकार्यानें तें अवघ्या चार महिन्यांत सिद्ध केलें, आणि त्याचे कांहीं भाग त्रिमिती छपाईनें केले.

परंतु सगळ्याच मुलांस बंदुकीच्या कारखान्यांत जागा मिळणार नाहीं, आणि मिळालीच पाहिजे असेंहि नाहीं. हाच हात आपल्या तालुक्यांत दुसरीकडे कोठें लागतो तें पाहावें. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांत इंधन फवारणाऱ्या पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांतील फट मिलिमीटरच्या अवघ्या दोन-तीन सहस्रांशांची असते. बंदुकीच्या कोणत्याहि भागापेक्षां हें काम अधिक सूक्ष्म आहे. पेरणीच्या तोंडावर तो पंप बिघडला तर शेतकऱ्याचे चार दिवस जातात, आणि मृगाचा पाऊस चार दिवस थांबत नाहीं. मोंढ्यांतील तराजू आणि वजनकांटे यांची दुरुस्ती हेंहि तसेंच काम. २००९ च्या वैधमापन अधिनियमाप्रमाणें त्यासहि परवाना लागतो, म्हणजे येथेंहि कायद्यानें कारागिराच्या हातावर लक्ष ठेवलें आहे. वजनकांटा क्विंटलमागें थोडासा चुकला तर सोयाबीन विकणाऱ्याच्या घरांत काय कमी पडतें, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस सांगावयास नको. शिवणयंत्रें, रुग्णालयांतील उपकरणें, फवारणीचे पंप, हीं सर्व याच विद्येचीं गिऱ्हाइकें.

पालकांस आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या. एक, हें काम 'लोहारकी' म्हणून मुलाच्या मनांतून उतरवूं नये. ज्याचे गणितांतील अपूर्णांक कच्चे त्याला हें साधत नाहीं, आणि ज्याची भूमिति पक्की त्याला तें लौकर साधतें. दुसरी, मुलींनाहि हे व्यवसाय खुले आहेत आणि त्यांच्यासाठीं जागा राखलेल्या असतात. बारीक कामांत तर बळापेक्षां संथ हात अधिक लागतो. प्रवेशाची प्रक्रिया दहावीचा निकाल लागल्यावर राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयातर्फे संगणकावरून होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि लागू असल्यास जातीचा दाखला हीं कागदपत्रें आधींच काढून ठेवावीं. पसंतीक्रम भरतांना पहिल्या ओळींत जवळची संस्था लिहावी कीं हवा असलेला व्यवसाय लिहावा, असा प्रश्न पडतो. आमचें उत्तर, व्यवसाय. नांदेडची बस सकाळीं मिळते, पण नको असलेल्या व्यवसायांत दोन वर्षें घालविणें फार कठीण. अर्ज भरण्यापूर्वी मुलास घेऊन एकदां त्या संस्थेच्या कार्यशाळेंत जावें, जोडारीच्या बाकाशीं उभें राहावें, आणि तेथील मुलांनीं घासलेले तुकडे उजेडाकडे धरून पाहावे.